शेजारच्या सीटचा पट्टा

नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, रविवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी दिनानाथ घरत याने वेळखार गावच्या राखणदाराला स्वतःच्या घरी राहायला बोलावलं. निमंत्रण सशर्त होतं. चाळीस दिवसांत, म्हणजे एकोणीस डिसेंबरच्या अमावास्येला दुपारी साडेबारापर्यंत, दिनानाथ स्वतःची गाडी एकट्याने चालवत बांधावरून उघाडीपर्यंत आला नाही, तर राखणदाराने उठावं आणि दिनानाथच्या घरी येऊन बसावं. सोबत एक नारळ, एक विड्यांचं बंडल आणि ऑफिसातून आणलेला एक छापील फॉर्म होता.

उघाडी म्हणजे खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांधाला बसवलेलं दार. त्या दाराशी एक शेंदूर लावलेला दगड आहे, दगडाला टेकून एक काठी आहे आणि काठीवर घोंगडी आहे. दगड राखणदाराचा, काठी-घोंगडीही त्याचीच. तो रोज भर दुपारी बांधावरून फेरी मारतो. ही गोष्ट वेळखारमध्ये कुणी कुणाला पटवून देत नाही, कारण भरती किती वाजता आहे हेही कुणी पटवून देत नाही. गाव त्याला वर्षाला नवी काठी देतं, कारण जुनी खालून झिजलेली असते. त्याला कुणी घरी बोलावत नाही.

दिनानाथने बोलावलं याला कारण त्याचं ऑफिस. न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं करणाऱ्या एका कचेरीत तो हेडक्लार्क होता. बत्तीस वर्षांत त्याच्या हातून चुकीच्या रकान्यात एक आकडा गेलेला नव्हता. त्या कचेरीत नवी मुंबईहून एक व्याख्याते आले. ते म्हणाले, "भीती हा ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर आहे. तिला घाबरू नका, तिला कामाला लावा." मग सगळ्यांना फॉर्म वाटला. रकाने चार: माझी भीती, माझं उद्दिष्ट, मुदत, आणि उद्दिष्ट चुकल्यास शिक्षा देणारी व्यक्ती, जिला मी खरोखर घाबरतो. पुढे त्या व्यक्तीची सही.

बाकीच्यांनी चौथ्या रकान्यात बायकोचं नाव लिहिलं आणि समोसे खायला गेले. दिनानाथ बसून राहिला. फॉर्ममध्ये खोटं लिहिणं त्याला येत नव्हतं. बायकोला तो घाबरत असे, पण ती माफ करते हे त्याला ठाऊक होतं. साहेबही माफ करत. पुष्कळ विचार करून त्याने लिहिलं: 'राखणदार, उघाडी, मु. वेळखार.' सहीच्या जागी रविवारी त्याने दगडावरच्या शेंदराचं बोट टेकवून आणलं, आणि सोमवारी फॉर्म लॅमिनेट करून घेतला.

पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, 'गाडी मागे घेणे.' घरतांच्या घरात नऊ ट्रेलर होते. थोरला भाऊ दत्तात्रेय डोळे मिटून चाळीस फुटी ट्रेलर गोदीत लावत असे. त्याच घरातल्या दिनानाथने विसाव्या वर्षी जीप मागे घेताना थेट मिठागरात नेली होती, आणि तेव्हापासून त्याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. चार वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नाच्या वेळी घेतलेली गाडी दारात उभी होती. तिच्यावर जागृती, म्हणजे दिनानाथची बायको, पापड वाळत घालत असे.

"राखणदाराला घरी बोलावलंत?" जागृतीने विचारलं. ती वाल सोलत होती आणि हात थांबला नाही.

"अट आहे त्याला. मी गाडी शिकलो की प्रश्नच नाही."

"आणि नाही शिकलात तर?"

दिनानाथने ओटीकडे बघितलं. हे घर बांधायला अकरा वर्षं लागली होती. मे महिन्यात वास्तुशांत झाली. ओटीवर सागवानी झोपाळा होता आणि त्याच्या कड्या दिनानाथने स्वतः पेणहून निवडून आणल्या होत्या.

"मी कुठे जाणार नाही," जागृती म्हणाली. "त्याला यायचं तर येऊ दे. पण पाय धुऊन. चिखलाचे पाय घेऊन माझ्या ओटीवर चढायचं नाही, सांगून ठेवा त्याला."

शिकवायला जीवन मास्तर मिळाले. निवृत्त ट्रेलर ड्रायव्हर, निम्म्या गावाला त्यांनीच शिकवलेलं. पहिला धडा त्यांनी गाडी बंद असतानाच दिला. "हा लाल दिवा बघ. शेजारच्या सीटवर माणूस बसला आणि पट्टा नाय लावला तर हा लागतो, वर टिंगटिंग वाजतं. नारळाला नाय वाजत, पिशवीला नाय वाजत. माणसाएवढं वजन लागतं." मग ते बसले, दिवा लागला, टिंगटिंग झालं, त्यांनी पट्टा ओढला, टिंगटिंग थांबलं. दिनानाथने हे वहीत लिहून घेतलं.

शिकाऊ परवाना हाती येईपर्यंत धडे अंगणातच चालत. लवकरच एक गोष्ट दिसून आली. मास्तर शेजारी असले की दिनानाथची गाडी सरळ जाई. मागेसुद्धा सरळ जाई. मास्तर विडी प्यायला उतरले आणि म्हणाले, "आता तू एकटाच जरा मागं घे," की गाडी फाटकातून थेट गोदूकाकीच्या मेंदीच्या कुंपणात जाई. गोदूकाकी समोर राहत. पंचाहत्तर वर्षांच्या, नजर पक्की. त्यांनी तीनदा कुंपण नीट केलं आणि चौथ्यांदा खुर्ची टाकून बघत बसल्या.

सोळा नोव्हेंबरला दिनानाथने धडा चुकवला. सर्दी झाली आहे असं त्याने मास्तरांना कळवलं. सर्दी झालेली नव्हती. त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला बांध जिथे सुरू होतो तिथल्या चिंचेला राखणदाराची काठी टेकलेली आढळली. उघाडीपासून चिंचेपर्यंत अकराशे पावलं आहेत. दिनानाथने पूर्वी मोजली होती.

काठीला कुणी हात लावत नाही. ज्याची आहे त्यानेच उचलायची, असा नेम आहे. लोक आले, बघितलं आणि बाजूने गेले. दुसऱ्या दिवसापासून दिनानाथ सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला असे दोन धडे घेऊ लागला.

सतरा तारखेला शिकाऊ परवाना मिळाला. आधी दोनदा फोटो परत आला होता, कारण त्यात डावा कान दिसत नव्हता. परवान्याच्या कचेरीतल्या बाईंनी कळवलं की आजपासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही, त्यानंतरची पहिली मोकळी तारीख बावीस डिसेंबर, आणि तोपर्यंत शेजारी परवानाधारक माणूस बसल्याशिवाय गाडी चालवता येणार नाही.

"मला एकोणीसला एकट्याने चालवायची आहे," दिनानाथ म्हणाला.

"का?"

दिनानाथने खिडकीतून कागद परत घेतले. मागे बरीच मोठी रांग होती.

घरी येईपर्यंत ही बातमी गावात पोचली होती. दत्तात्रेय म्हणाला, "दिना, वेडा का खुळा तू? आपल्या गावात लायसन कोण बघतंय? लाव गियर आणि जा." पण विनापरवाना गाडी चालवणं म्हणजे चुकीच्या रकान्यात आकडा घालणं. एकीकडे कायदा म्हणत होता, एकट्याने चालवू नकोस. दुसरीकडे निमंत्रण म्हणत होतं, एकट्यानेच चालव. दोन्ही कागदांवर त्याचीच सही होती.

एकोणतीस तारखेला काठी गोदूकाकीच्या कुंपणाला होती. आदल्या दोन दिवसांत दिनानाथ खरोखरच्या तापाने झोपून होता. राखणदार वैद्यकीय दाखला मानत नाही, एवढं त्यातून कळलं. गोदूकाकीने मात्र या घटनेचा वेगळा विचार केला. त्या संध्याकाळी आल्या आणि म्हणाल्या, "दिना, तुझं झालं की त्याला माझ्या धाकट्याच्या मागं लाव. दारू सुटत न्हाय त्याची. तो फार्म कुठं मिळतो?" आठवडाभरात चार माणसं फॉर्म मागून गेली. दहावीच्या एका मुलीच्या बापाला गणितासाठी हवा होता.

सात डिसेंबरला, सकाळी सहा चाळीसला, काठी दिनानाथच्या स्वतःच्या फाटकाला टेकलेली होती. आदल्या संध्याकाळी गाडी मागे घेताना कुंपणात गेल्यावर तो म्हणाला होता, "बस झालं, मला नाही जमणार." हे तो गाडीत, काचा बंद करून, एकटा असताना म्हणाला होता.

त्याने दत्तात्रेयला फोन लावला. दत्तात्रेय ट्रेलर घेऊन गुजरातला गेला होता. फाटकाजवळ काठी आहे म्हटल्यावर त्याने ट्रेलर कडेला घेतला.

"दिना, खरं सांगतो. चिंचेशी मीच आणून ठेवलेली. म्हटलं, तू जरा घाबरशील, शिकशील. पण एकदाच. गोदूकाकीच्या इथं मी नाय ठेवली. आणि आता तर मी वापीला हाय."

"तू काठीला हात लावलास, दादा?"

"लावला. रात्री हाताला मुंग्या आल्या त्या अजून हायेत. म्हणून नाय बोललो."

त्या दिवशी दिनानाथ धर्माबाबांकडे गेला. राखणदाराला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्यात आहे. दिनानाथने रीतसर विनंती केली की निमंत्रण रद्द करावं, किंवा बावीस तारखेपर्यंत तीन दिवसांची मुदतवाढ मिळवून द्यावी. त्याने अर्ज लिहूनच नेला होता.

धर्माबाबांनी अर्ज वाचला. "मागणं मागे घेता येतं, दिना. आमंत्रण न्हाय. तुझ्या घरी कुणी पाहुणा निघाला, अर्ध्या वाटेत हाय, त्याला सांगशील का, नको येऊ?" मग ते उठले. "चल, भिकूचं घर दाखवतो."

भिकूचं घर गावाच्या टोकाला होतं. भिकू चाळीस वर्षांपूर्वी भर दुपारी झिंगून बांधावर गेला आणि म्हणाला, "ये की एकदा बसायला." तिसऱ्या दिवशी भिकू मुलाबाळांसह पनवेलला गेला तो परत आला नाही. दाराला कुलूप होतं आणि ते गंजलं होतं. पण खिडकीतून दिसणारी ओटी स्वच्छ होती. जाळं नव्हतं, धूळ नव्हती. कोपऱ्यात घोंगडी घडी घालून ठेवलेली होती.

"झाडतं कोण?" दिनानाथने विचारलं.

"आम्ही अमावास्येला बाहेर दिवा ठेवतो," धर्माबाबा म्हणाले. "आत कुणी जात न्हाय."

परत येताना दिनानाथला त्या सागवानी झोपाळ्याच्या कड्या आठवत राहिल्या. आपल्याच घराला बाहेरून कुलूप असेल आणि आत झोपाळा चालू असेल, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून जाईना. भीतीला कामाला लावा, असं व्याख्याते म्हणाले होते. ती कामाला लागली की सुट्टी घेत नाही, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

मार्ग त्याने स्वतःच काढला, आणि तो कागदातून काढला. बांधाची देखभाल करणाऱ्या कचेरीत जाऊन त्याने लेखी विचारलं की सदर बांध हा रस्ता आहे काय. पाच हेलपाट्यांनंतर लेखी उत्तर आलं: सदर बांधाची रस्ता म्हणून नोंद आढळून येत नाही. दिनानाथने तेही लॅमिनेट केलं. म्हणजे घरापासून चिंचेपर्यंत जीवन मास्तर शेजारी बसतील, तिथे उतरतील, आणि पुढची अकराशे पावलं रस्ताच नसल्यामुळे तो एकटा जाईल. धर्माबाबांनी मान हलवली. मास्तरांनीही हलवली. दत्तात्रेय फोनवरून म्हणाला, "तू वकील व्हायला हवा होतास."

एकोणीस डिसेंबरला, शुक्रवारी, अकरा वाजून पन्नास मिनिटांनी मास्तर चिंचेपाशी उतरले. दिनानाथने पहिला गियर टाकला. बांध नऊ फूट रुंद आहे. डाव्या हाताला खाडी, भरती चढत होती. उजव्या हाताला खाजण, म्हणजे बांधाआतली भातशेती. ऊन लख्ख होतं, तरी बांधावर कशाचीच सावली पडत नव्हती. एक बगळा पाण्यात उभा होता, तो उडाला नाही आणि हललाही नाही. बारा वाजून चार मिनिटांनी गाडी उघाडीशी पोचली. दिनानाथने नारळ फोडला, विड्या ठेवल्या आणि दगडावर उरलेल्या घोंगडीकडे बघून म्हणाला, "आलो. अट पुरी झाली. आता आपण यायचं कारण नाही." काठी तिथे नव्हती. ती अजून त्याच्या फाटकाला होती.

मग तो गाडीकडे वळला आणि त्याच्या लक्षात आलं की गाडी वळवायला जागा नाही.

चाळीस दिवसांत पाच माणसांनी, दोन कचेऱ्यांनी आणि एका देवाने या कामात लक्ष घातलं होतं. जायचं कसं, हे सगळ्यांनी बघितलं. परत यायचं कसं, हे कुणी विचारलं नव्हतं. अकराशे पावलं, नऊ फूट रुंद, मागे.

तो गाडीत बसला. दार लावलं. स्वतःचा पट्टा लावला. चावी फिरवली.

लाल दिवा लागला आणि टिंगटिंग सुरू झालं.

शेजारची सीट रिकामी होती. नारळाची पिशवीसुद्धा तो बाहेर ठेवून आला होता. दिनानाथने सीटकडे बघितलं नाही, समोर काचेतून दगडाकडे बघितलं. टिंगटिंग थांबत नव्हतं. बत्तीस वर्षांची सवय अशी की नियम अपुरा राहिलेला त्याला सहन होत नाही. त्याने हात लांब केला, शेजारचा पट्टा ओढला आणि खटकन लावला. पट्टा ओढताना नेहमीपेक्षा जास्त लागला. टिंगटिंग थांबलं. गाडीत ओल्या घोंगडीचा वास होता.

दिनानाथने गाडी मागे घेतली. अकराशे पावलं ती एका रेषेत गेली. चिंचेखाली उभे असलेले मास्तर नंतर सांगत की त्यांच्या चाळीस वर्षांत अशी सरळ गाडी मागे येताना त्यांनी पाहिली नाही. शेजारी कुणी बसलं की दिनानाथची गाडी सरळ जाते, हे त्यांनी आधीच पाहिलं होतं.

मास्तरांनी डावीकडचं पुढचं दार उघडलं. रिकाम्या सीटवर पट्टा लावलेला होता. तो सीटला टेकला नव्हता. वीतभर पुढे, कुणाच्या तरी पोटावर असावा तसा ताणून उभा होता. मास्तरांनी दार हळूच लावलं.

"मागं बसा, मास्तर," दिनानाथ म्हणाला.

"बसतोच हाय," मास्तर म्हणाले, आणि मागचं दार उघडलं.

धर्माबाबांनी निवाडा दिला तो अंगणात, गाडीपासून दहा हात लांब उभं राहून. "अट तू पाळलीस. घरावर त्याचा हक्क न्हाय. पण गाडीत तो हौसेनं बसलाय. शेकडो वर्षं चालतोय बिचारा, बसायला मिळालं त्याला. रोज फिरव. कंटाळला तर उठेल."

"उठून कुठे जाईल?"

धर्माबाबांनी फाटकाकडे बघितलं, जिथे काठी होती, आणि घरी गेले.

बावीस डिसेंबरला दिनानाथ परीक्षा पास झाला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी पुढचं डावं दार उघडलं, क्षणभर थांबले, आणि मागे जाऊन बसले. 

त्यानंतर दिनानाथ रोज गाडीने कामावर जाऊ लागला. सकाळी सहा चाळीसला चावी फिरवायची, टिंगटिंग ऐकायचं, पट्टा लावून द्यायचा, निघायचं. ऑफिसचे तीन जण बरोबर येत. तिघेही मागे दाटीवाटीने बसत. रविवारी तो दिघीच्या जेटीपर्यंत जाई, कधी काशीदला, कारण रोज तोच रस्ता दाखवणं बरं दिसत नाही. गाडी मागे घेण्यात आता तालुक्यात त्याचा हात धरणारा नाही, असं मास्तर म्हणत. व्याख्यात्यांनी त्याला फोन करून मंचावर दोन शब्द बोलायला बोलावलं. दिनानाथने विचारलं की सोबत एकाला आणलं तर चालेल का. ते म्हणाले, जरूर आणा, मिसेसना आणा. कार्यक्रमाची तारीख ठरायची होती.

शुक्रवारी, सोळा जानेवारीला, पंचायतीने पाण्याच्या पाइपसाठी गल्ली खणली. फाटकासमोर तीन फुटांचा चर पडला. दिनानाथने विनंती केली, अर्ज दिला, दुपारी स्वतः फावडं घेऊन उतरला. चर शनिवारी संध्याकाळी बुजवला गेला. दोन दिवस गाडी अंगणात उभी होती. या दोन दिवसांत तो चार वेळा गाडीत जाऊन बसला आणि शेजारी तोंड करून म्हणाला, "पंचायतीचं काम आहे, माझ्या हातात नाही." प्रत्येक वेळी दिवा लागला होता.

रविवारी, अठरा जानेवारीला, पौष अमावास्येला, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी दिनानाथने चावी फिरवली.

दिवा लागला नाही.

त्याने चावी बंद करून पुन्हा फिरवली. शेजारची सीट हाताने दाबून बघितली, तेव्हा दिवा लागला. हात काढला, विझला. यंत्रात काही बिघाड नव्हता. घोंगडीचा वास नव्हता. फाटकाकडे बघितलं, तर काठीही नव्हती.

मग त्याने समोरच्या काचेतून आपल्या घराकडे बघितलं. जागृती मागे मोरीशी होती, भांड्यांचा आवाज तिकडून येत होता. काठी ओटीच्या खांबाला टेकलेली होती. झोपाळा चालू होता, सावकाश, एका लयीत, आणि कड्या वाजत नव्हत्या. समोरच्या घरातून गोदूकाकीने हे सगळं बघितलं. दिनानाथ गाडीच्या दाराच्या कडीला हात लावायचा आणि काढून घ्यायचा, असं सात-आठ वेळा झालं, असं त्यांनी सांगितलं.

सात वाजून पाच मिनिटांनी दिनानाथ गाडीतच होता. ओटीच्या पायरीशी बादली होती, त्यातला तांब्या बाहेर आडवा पडला होता, आणि पायरी ओली होती.